खालचं राहू द्या, वर टाका

बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या त्या घरात मी भाड्यानं राहायला गेलो तेव्हा दाराची चौकट आणि माझी टाळू यांच्यात केसभराचं अंतर होतं. घर सोडलं तेव्हा चौकट माझ्या कपाळात आली होती. माझी उंची वाढली म्हणावं तर ते वय राहिलं नव्हतं. वाढली होती ती फरशी.

घरमालकांना सगळं गाव काकाजी म्हणायचं. एका सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. अंगानं किरकोळ, पण आवाज मात्र तीन खोल्यांपलीकडच्या शिपायाला हाक मारायचा तोच जपून ठेवलेला. मी गुरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधणारा साधा ड्रेसर. पण आमच्याकडे गुरांच्या दवाखान्यातला झाडूवालासुद्धा डॉक्टरच असतो. त्यामुळे काकाजी मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत आणि लगेच पुढं 'बे' लावत. "काय बे डॉक्टर!" एवढ्यात माझी पदवी यायची आणि जायची.

दुसरे घरमालक खोली दाखवताना नळ कधी येतो ते सांगतात. काकाजींनी मला पायाखाली काय आहे ते सांगितलं. बूट आपटून म्हणाले, "हे वरतून दिसते ते चकचकीत स्टाईलची फरशी. त्याच्याखाली कोटा. कोट्याखाली मोझॅक. अन् सगळ्याच्या खाली शहाबादी, मी सोता बसवून घेतलेली. एक तुकडा फोडला नाई आजलोक."

"मग जुनी काढायची नाही का, काकाजी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या बापाला घराबाहेर काढायला सांगितलं.

"काढलं की मोडते बे. खालचं राहू द्या, वर टाका!"

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं, की झोपेत कुणी हलवलं असतं तरी मी तेच बोललो असतो. बरं, हा नियम फरशीपुरता असता तर मी काही बोललो नसतो, माणसाला एखादा शौक असावा. पण काकाजींच्या भिंतीवर एका खिळ्याला सगळ्या वर्षांची कॅलेंडरं एकावर एक होती, आणि तो गठ्ठा गादीइतका जाड झाल्यानं चालू महिना भिंतीपासून वीतभर पुढं आला होता. बंद पडलेल्या घड्याळावर चालू घड्याळ. जुन्या पाटीवर नवी पाटी. थंडीत जुन्या स्वेटरवर नवं स्वेटर. कचेरीतही म्हणे त्यांनी उभ्या नोकरीत एक आदेश रद्द होऊ दिला नाही. 'पूर्वीचा आदेश कायम ठेवून' अशी सुरुवात करायची आणि खाली बरोबर उलटा आदेश लिहायचा. त्यामुळे त्यांच्या हाताखालच्या माणसाची एकाच वेळी बदलीही झालेली असायची आणि नसायचीही. तो बिचारा दोन्हीकडं सही करून यायचा आणि काकाजींना दुवा द्यायचा.

एकदा स्वतःच्याच घरातल्या स्वतःच्याच पायरीला अडखळून त्यांचा अंगठा फुटला. पायरी कुठून आली? तर बाहेरच्या खोलीत एक थर जास्त होता आणि आतल्या खोलीत एक कमी. सगळं घरच असं चढउताराचं. मी पट्टी बांधून दिली. चार दिवसांनी आले, पाय पुढं केला आणि म्हणाले, "नवी बांध."

मी जुनी सोडायला लागलो तर पाय मागं. "सोडतो कायले? वर बांध!"

"काकाजी, आत जखम चिघळेल."

"चिघळली तं कोनाले दिसते?"

आमच्याकडे बैलसुद्धा यापेक्षा शहाण्यासारखा उभा राहतो, हे मी मनातच म्हणालो. घरभाडं परवडणारं होतं.

काकू मात्र अगदी वेगळ्या. उंच, सावळ्या, कमी बोलायच्या. पण बोलल्या की समोरच्याला खाली बसायला पाट द्यावा लागायचा. साखरखेर्डा त्यांचं माहेर. त्या घरात घर काकाजींचं, दार काकाजींचं, शहाबादीपासून वरचे सगळे थर काकाजींचे. काकूंचं म्हणून एकच होतं, आतल्या खोलीतलं आरशाचं लोखंडी कपाट. लग्नात बापानं आंदण दिलेलं. ते ट्रॅक्टरमध्ये उभं बांधून आणलं होतं, आणि खड्ड्यात आरसा फुटू नये म्हणून त्यांचा बाप साखरखेर्ड्यापासून धाडपर्यंत आरशाला पाठ लावून उभा आला होता. हे काकू मला दर दोन महिन्यांनी सांगायच्या. दरवेळी मध्येच थांबून म्हणायच्या, "बाप घरी गेला अन् दोन दिस पडून होता. पन आरशाले चरा नाई."

आता या कपाटाचं काकाजींनी काय केलं ते ऐका. मोझॅक टाकायची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाला, कपाट सरकवा. काकाजी म्हणाले, सरकवलं की फरशीवर ओरखडे पडतात. कोणत्या फरशीवर? जी आता कायमची झाकली जाणार होती तिच्यावर! पण खालची फरशीही त्यांचीच, तिला तरी ओरखडा का पडू द्यायचा? तेव्हा मिस्त्रीनं कपाटाच्या भोवतीनं मोझॅक लावला. पुढं कोटा आला, तोही भोवतीनं. मग चकचकीत स्टाईल, तीही. मिस्त्रीला काय, काकाजी म्हणतील तसं. कपाट एक इंचही हललं नाही, फक्त दर खेपेला बुडत गेलं. पाय गेले, मग पायांवरची पट्टी गेली. माझ्या वेळेपर्यंत कपाट जमिनीतून उगवल्यासारखं उभं होतं आणि दार उघडताना फरशीवर घासून खर्र करायचं. मिटलेल्या दाराखाली पोळीएवढी फट असायची, उघडलं की दार लोंबून टेकायचं. पुसलेल्या फरशीचं पाणी कपाटाभोवतीच्या खळग्यात उतरायचं आणि कुणालाही न दिसता नाहीसं व्हायचं.

काकू म्हणायच्या, "अवो, एक डाव कपाट वर घ्या ना. चार मानसं लावली तं होऊन जाईन."

काकाजी म्हणायचे, "उघडते ना? मंग?"

त्या साली त्यांच्या एकुलत्या मुलीचा मंगल परिणय ठरला. ताई पुण्याला नोकरीला, मुलगाही तिकडचाच. काकूंचं एकच ठरलेलं होतं. स्वतःच्या लग्नात त्या जी पांढरी रेशमी साडी नेसल्या होत्या, आईनं घेतलेली, तीच ताईला नेसवायची. साडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. लग्नाशिवाय ती काढायची नाही असं काकूंनी ठरवलं होतं, आणि काकू ठरवलेलं मोडत नसत. या एका गोष्टीत नवरा-बायकोचं जमायचं.

नेमका त्याच सुमारास काकाजींचा दात दुखायला लागला. बुलढाण्याला दाताच्या डॉक्टरकडं गेले. दात काढायचा म्हटल्यावर अर्थातच म्हणाले, खालचा राहू द्या, वर टाका. डॉक्टरनं टोपी बसवून दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं शास्त्राला पटलं म्हणून काकाजी हरखून गेले. पण नुसती टोपी घेऊन परतले असते तर ते काकाजी कसले? त्या दवाखान्यात त्यांनी लाकडासारखी दिसणारी फरशी पाहिली. लांब लांब पट्ट्या, एकीत एक अडकवायच्या, खाली पातळ फोम, सिमेंट नको, धूळ नको, आणि मुख्य म्हणजे जुन्या स्टाईलवरच बसते. धाडच्या स्टँडवर जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांनी मला दवाखान्याच्या दारातून हाक मारली. मी एका गाईचा पाय धरून होतो.

"काय बे डॉक्टर! सोड ते गाय! फोडायची नाई, खोदायची नाई, नुसती वर ठेवायची! आपल्याच डोक्यातलं हाय बे हे, लोकायनं आत्ता काढलं!"

पुण्याचे पाहुणे येणार, घर कसं दिसलं पाहिजे, असं निमित्त सांगून त्यांनी पट्ट्या मागवल्या. काकू भावाला लग्नाचं आमंत्रण द्यायला साखरखेर्ड्याला गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "मी येईलोक आतल्या खोलीत हात लावाचा नाई. आधी कपाट निंघन, मंग तुमची फरशी." काकाजींनी मान हलवली. कचेरीतल्या भाषेत त्याचा अर्थ पूर्वीचा आदेश कायम.

मीही म्हणालो, "काकाजी, काकूंना येऊ द्या."

"एका बोटाची जाडी हाय बे. एका बोटानं काय होते?"

बुलढाण्याहून दोन पोरं आली, मोबाईलवर गाणी लावून दिवसभरात सगळं घर लाकडाचं करून गेली. पट्ट्या नुसत्या अडकवून राहतात, पण काकाजींना तेवढ्यावर भरवसा नव्हता. हललं तर? म्हणून कपाटापुढच्या पट्ट्यांखालचा फोम काढून त्यांनी त्या डिंकानं खालच्या स्टाईलला चिकटवून घेतल्या. संध्याकाळी मला बोलावून दाखवलं. खोली खरंच छान दिसत होती. उंच कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती, जिला वंदन करायला शहाबादीच्या काळी म्हणे मान वर करावी लागे, ती आता समोरासमोर आली होती. कपाटाचं दार मी ओढून पाहिलं. ते हललंच नाही.

"काकाजी, हे उघडत नाही."

त्यांनीही ओढलं. मग आरशात स्वतःकडं पाहिलं, मिशी सारखी केली आणि म्हणाले, "उघडन. फरशी जरा बसू दे."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. बाहेरून आत, आतून कपाटापर्यंत. चप्पलसुद्धा काढली नाही. दार ओढलं, पुन्हा ओढलं, मग खाली वाकून फटीत नख घातलं. फट नव्हतीच. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण काकू नुसत्या म्हणाल्या, "डॉक्टर, चहा घेता का?" मी नको म्हणालो आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझं दारही खाली घासलं.

वेल्डर बोलवायचा हा काकाजींचा उपाय. घरातली सगळी लाकडी दारं त्यांनी दर थराला खालून तासून घेतलीच होती, मग कपाटानं काय पाप केलं? वेल्डर कापायची मशीन घेऊन आला. दाराची खालची पट्टी उडवली की काम झालं, असं दोघांचं ठरलं. मशीन सुरू झाली तशा काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि कपाटाच्या आरशाला पाठ लावून उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हाताला पीठ.

"माह्या बापानं हे असंच आनलं होतं," वेल्डरकडं पाहून म्हणाल्या. "काप. पयले मले काप."

वेल्डरनं मशीन बंद केली, वायर गुंडाळली आणि काकाजींना म्हणाला, "काकाजी, माही दुसरीकडं ऑर्डर हाय." त्याची दुसरीकडं काहीही ऑर्डर नव्हती. तो बाहेरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायला.

"अवं, मंग करू तरी काय?" काकाजी ओरडले.

"फरशी काढा."

"नवी फरशी? काढू?"

फळीच तर होती हो! चिकटवलेली असली तरी दोन पट्ट्या छिन्नीनं उचकटल्या असत्या. पण उचकटल्या असत्या म्हणजे काढल्या असत्या. आणि काढायचं म्हणजे उभ्या जन्माचा आदेश रद्द.

मग काकूंनी जे केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं, कारण जेवण मी त्यांच्याकडंच घ्यायचो. काकाजींच्या ताटात कालची भाकर, तिच्यावर आजची. कालची वांग्याची भाजी, तिच्यावर आजचं वरण. काकाजींनी ताटाकडं पाहिलं.

"हे काय व?"

"खालचं राहू देलं, वर टाकलं."

ते मुकाट्यानं जेवले, तत्त्वाचा माणूस! दुसऱ्या दिवशी मळक्या सदऱ्यावर धुतलेला सदरा घालायला दिला. तोही घातला. बाजाराच्या दिवशी अख्ख्या धाडनं काकाजींना उन्हात दोन सदरे घालून वांगी निवडताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र जेवता जेवता काकाजी बोलून गेले, "साडी काय, नवी घेऊ. पोरीले जुन्या साडीचं काय पडलं हाय?"

काकूंनी वाढता हात थांबवला.

"असं का? मंग मी बी तसंच करू का? तुम्हाले काढाचं काई काम नाई. तुम्ही राहा खाली. वरतून दुसरा नवरा टाकून घेऊ!"

माझ्या नाकातून वरण बाहेर आलं. मला उठून जायला सांगायचंही त्या घडीला काकाजींच्या लक्षात आलं नसावं. ते ताटाकडं बघत बसले. खालच्या भाकरीला त्यांनी हात लावला नव्हता.

ताई त्याच संध्याकाळी पुण्याहून आली. हातपाय धुऊन झाले नाहीत तोच म्हणाली, "आई, साडी दाखव नं. ब्लाउज शिवायचा हाय." काकूंनी काकाजींकडं पाहिलं. पोरीनंही पाहिलं. मी दारात उभा होतो, मीही पाहिलं. काकाजींनी घसा खाकरला.

"काय बे डॉक्टर. हातोडा हाय का?"

छिन्नी त्यांनी स्वतः धरली. पहिली पट्टी निघाली तेव्हा त्यांचं तोंड टोपीखालचाच दात उपटल्यासारखं झालं. दुसरी निघाली आणि कपाटाचं दार खर्र करून उघडलं. काकू खाली बसल्या, खालच्या कप्प्यात हात घातला, फडकं बाहेर काढलं. फडकं ओलसर होतं. घडी उलगडली तसा सगळ्यांना एक वास आला, भिजलेल्या लोखंडाचा. पांढऱ्या रेशमावर गंजाचा तांबडा डाग पडला होता, तळहाताएवढा, घडीघडीतून खालपर्यंत उतरलेला. वर्षानुवर्षं पुसलेल्या फरशीचं पाणी नाहीसं कुठं होत होतं ते तेव्हा कळलं.

काकू साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, त्यांनी ते पुसलंही नाही. मला काकाजींचा इतका राग आला की हातोडा माझ्या हातात नव्हता हे बरं झालं.

काकाजी जवळ आले. डागाकडं पाहिलं. सवयीनं बोलायला लागले, "याच्यावर एखांदी..." पुढचे शब्द आम्हा तिघांनाही पाठ होते. त्यांनी तोंड मिटलं. त्यांना वाक्य अर्धवट सोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ताई म्हणाली, "आई, मी हेच नेसतो. निऱ्याइत डाग दाबून घेऊ. दिसनार नाई कोनाले."

"नाई," काकू म्हणाल्या. "दाबाचा नाई. या घरात लय दाबून झालं. पदरावर आला तं येऊ दे."

मग काकाजींकडं वळून म्हणाल्या, "आता माहं कपाट बाहीर काढा."

त्यासाठी सगळे थर फोडावे लागले. काकाजींनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्टाईल, कोटा, मोझॅक, एकेकाचं नाव घेऊन फोडत होते आणि मी घमेली बाहेर टाकत होतो. कपाट वर आलं तेव्हा त्याचा तळ चाळणीसारखा झाला होता. आरशाला मात्र चरा नव्हता.

मंगल परिणयाला ताई तीच साडी नेसली. डाग अगदी खांद्यावर. मंडपात जो तो विचारी, "अवो, हे काय झालं साडीले?" काकू ऐकलं न ऐकल्यासारखं करून बोट काकाजींकडं दाखवत, "त्याहिले इचारा." आणि काकाजी धुतलेल्या एकाच सदऱ्यात उभे राहून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. "मीनं कपाट हलवलं नाई." पुण्याकडच्या पाहुण्यांना तर शहाबादीपासून सांगावं लागलं, त्यांना आमची बोलीही कळेना. तरी सांगितलं. टाळलं एकालाही नाही.

पुढं माझी बदली आमच्या गावाकडं, सोनाळ्याला झाली. मागच्या उन्हाळ्यात धाडवरून जाणं झालं तेव्हा उतरलो. चौकट कपाळाला लागली, म्हणजे घर तेच होतं. आतल्या खोलीत कपाट नव्या तळासह भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, फरशीच्या वर उभं होतं. आणि जिथं ते पूर्वी होतं तिथं खड्डा तसाच. कडेनं सगळे थर दिसत होते आणि तळाशी जुनी शहाबादी. काकाजी खड्ड्याच्या काठाला खुर्ची टाकून, पाय खाली सोडून, पेपर वाचत बसले होते.

"काय बे डॉक्टर!"

मी खड्ड्याकडं बोट दाखवलं. "काकाजी, याच्यावर काऊन नाही टाकलं काही?"

"मीनंच ठेवलं तसं," ते ऐटीत म्हणाले. "मानसानं कुठं तरी उघडं ठेवलं पाहिजेन."

"मी टाकू नाई देलं," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

काकाजींनी पेपर जरा वर धरला. थोड्या वेळानं पेपराआडूनच मला हळू आवाजात म्हणाले, "पाय टाकून पाहा बे. काय थंड हाय खालची!"

काकू चहा घेऊन आल्या. माझ्या हातात कप दिला, दुसरा काकाजींना दिला, आणि पदर सावरत खड्ड्याच्या दुसऱ्या काठावर बसून आपलेही पाय त्या शहाबादीवर टेकवले.

"पयल्या डावालेच सांगतलं होतं," म्हणाल्या, "हे चांगली हाय म्हनून."